माऊस चालतो, पेनड्राइव्ह चालतो, मग बोर्ड का चालत नाही? लिनक्सवर यूएसबी पोर्टचा दोष शोधताना

(व्याख्यानाचं शब्दांकन. प्रात्यक्षिकाच्या वेळी पडद्यावर दाखवलेल्या गोष्टी इथे वर्णन करून दिल्या आहेत. आज्ञांचा फक्त उच्चार दिला आहे. टाइप करताना त्या रोमन लिपीतल्या छोट्या अक्षरांत करायच्या.)

आजचा विषय अगदी घरगुती आहे. लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टमध्ये एक वस्तू लावली की चालते, दुसरी लावली की काहीच होत नाही. पोर्ट पूर्ण बंद पडलेला असता तर प्रश्न सोपा होता. पण तो काही वस्तू घेतो आणि काहींकडे ढुंकूनही बघत नाही. अशा वेळी करायचं काय?

एका खऱ्या प्रसंगापासून सुरुवात करतो. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी माझ्याकडे आली होती. जुना, दुसऱ्याच्या हातचा घेतलेला लॅपटॉप, त्यावर उबुंटू 22.04. प्रोजेक्ट होता जमिनीतला ओलावा मोजून पंप चालू-बंद करण्याचा. त्यासाठी आर्डुइनोच्या धर्तीवरचा एक स्वस्त बोर्ड तिने घेतला होता. माऊस लावला की चालायचा. पेनड्राइव्ह लावला की उघडायचा. बोर्ड लावला की त्याचा दिवा लागायचा, पण प्रोग्राम चढवायच्या यादीत पोर्टचं नावच यायचं नाही. बोर्ड खराब असेल म्हणून तिने दुसरा बोर्ड घेतला. तेच. मैत्रिणीच्या विंडोजच्या लॅपटॉपवर मात्र दोन्ही बोर्ड चालले. मग दुरुस्तीच्या दुकानात गेली. तिथे सांगितलं, पोर्ट अर्धा गेलाय, मदरबोर्ड बदलावा लागेल. खर्च लॅपटॉपच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त. सादरीकरणाला नऊ दिवस उरलेले, आणि वडील पैसे कुणाकडे मागायचे या विचारात.

पोर्टला काहीही झालेलं नव्हतं. दोष सापडायला वीस मिनिटं लागली आणि खर्च शून्य. ती वीस मिनिटं कशी गेली, हेच आज सांगायचं आहे. कारण तिचा दोष जो होता तोच तुमचा असेल असं नाही, पण शोधायची रीत तीच राहते.

लावल्यापासून चालू होईपर्यंत काय घडतं

आपण वस्तू पोर्टमध्ये खुपसतो आणि ती 'चालते'. आपल्याला ही एकच घटना वाटते. प्रत्यक्षात सरकारी दवाखान्यात गेल्यावर जशा पायऱ्या असतात तशाच इथे असतात. आधी दारात कुणीतरी आलंय हे कळावं लागतं. मग केसपेपर निघतो, नंबर मिळतो. मग नाव आणि तक्रार विचारतात. मग कुठल्या डॉक्टरकडे पाठवायचं ते ठरतं. आणि शेवटी त्या खोलीत आत सोडतात. पेशंट परत आला आणि म्हणाला, 'मला तपासलंच नाही', तर आपण पहिलं काय विचारू? 'कुठपर्यंत गेला होतास?' पोर्टलाही तेच विचारायचं.

पायऱ्या एकेक बघू.

पहिली, वीज. पोर्ट 5 व्होल्ट देतो. यूएसबी 2 च्या नियमाप्रमाणे वस्तूची ओळख पटेपर्यंत तिने 100 मिलीअँपियरपर्यंतच घ्यायचे, ओळख पटल्यावर 500 पर्यंत. यूएसबी 3 मध्ये हेच आकडे 150 आणि 900 आहेत. माऊसला यातलं थोडंसंच लागतं. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला सुरू होताना बरंच लागतं. म्हणून एकाच पोर्टवर माऊस चालतो आणि डिस्क टिक-टिक करत बसते. आणि एक लक्षात ठेवा: दिवा लागला याचा अर्थ फक्त वीज पोचली, एवढाच. पुढचं काहीही त्यातून सिद्ध होत नाही.

दुसरी, दारात कुणी आलंय हे कळणं. जुन्या यूएसबी जोडणीत चार तारा असतात. दोन विजेच्या, दोन माहितीच्या. वस्तू लावली की ती माहितीच्या दोनपैकी एक तार 1.5 किलोओहमच्या रेझिस्टरने वर खेचते. कुठली तार वर गेली त्यावरून संगणकाला वेग कळतो. एक तार वर गेली तर सेकंदाला 1.5 मेगाबिट, साधारणपणे माऊस-कीबोर्ड. दुसरी गेली तर 12 मेगाबिट. पेनड्राइव्हसारख्या 480 वाल्या वस्तूही आधी 12 वाल्या म्हणूनच हजर होतात आणि मग खुणेने वेग वाढवून घेतात.

2008 मध्ये यूएसबी 3 आलं, तेव्हा या चार तारांच्या जोडीला त्याच तोंडात आणखी पाच संपर्क आले. म्हणजे निळ्या रंगाच्या पोर्टमध्ये खरं तर दोन वेगळे रस्ते आहेत. माऊस जुन्या रस्त्याने जातो, वेगवान पेनड्राइव्ह नव्या रस्त्याने. एक रस्ता खचला तरी दुसरा चालू राहू शकतो. 'काही वस्तू घेतो, काही घेत नाही' याचं हे एक अगदी साधं, यांत्रिक कारण असू शकतं.

तिसरी पायरी नंबर देण्याची, चौथी नावगाव विचारण्याची. प्रत्येक वस्तूकडे दोन ओळख क्रमांक असतात, एक बनवणाऱ्याचा, एक त्या वस्तूचा. पाचवी पायरी ड्रायव्हर, म्हणजे योग्य डॉक्टर. सहावी, वापरणाऱ्याला परवानगी आहे का ते बघणं.

आधी बघा, मग हात लावा

आता रीत. टर्मिनल उघडण्याआधी एक अदलाबदल करायची. न चालणारी वस्तू दुसऱ्या पोर्टमध्ये आणि दुसऱ्या संगणकावर लावून बघा. आणि या पोर्टमध्ये त्याच जातीची दुसरी वस्तू लावून बघा. म्हणजे बोर्ड चालत नसेल तर दुसरा बोर्ड; माऊस चालतोय यावरून बोर्डाबद्दल काही कळत नाही, कारण दोघांचा डॉक्टर वेगळा आहे. शक्य असेल तर केबलही बदला. मोबाइल चार्जरबरोबर येणाऱ्या काही केबलमध्ये माहितीच्या तारा नसतातच. त्या फक्त वीज नेतात. कित्येक बोर्ड आणि फोन या एका केबलपायी 'खराब' ठरले आहेत.

मग टर्मिनल उघडायचं आणि लिहायचं: 'सुडो डीमेसग डॅश डब्ल्यू'. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जे काही बघतो ते इथे ओळीओळीने येत राहतं. ही खिडकी उघडी ठेवायची, पाच-दहा सेकंद थांबायचं, आणि मग वस्तू लावायची. नवीन येणाऱ्या ओळी म्हणजेच तो केसपेपर. दुसरी आज्ञा 'एलएसयूएसबी'. ही ओळख पटलेल्या सगळ्या वस्तूंची यादी देते. तिलाच 'डॅश टी' जोडलं की झाडासारखी रचना दिसते आणि प्रत्येक वस्तूसमोर तिचा ड्रायव्हर आणि वेग येतो.

या दोन आज्ञांनी फक्त बघितलं जातं, काहीही बदलत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण आपली सवय उलटी असते. इंटरनेटवर कुणीतरी एक लांबलचक ओळ दिलेली असते, आपण ती चिकटवतो, मग दुसरी, मग तिसरी. शेवटी चालू झालं तरी कशाने झालं ते कळत नाही, आणि मूळ दोषावर आपण घातलेल्या चार दोषांची भर पडते.

आता डीमेसगच्या खिडकीत काय दिसतं त्यावरून चार वाटा फुटतात.

वाट पहिली: एकही ओळ येत नाही

म्हणजे दारात कुणी आलंय हेच कळलं नाही. कारणं तीन. केबल, पोर्टचं तोंड, किंवा झोपलेला कंट्रोलर.

पोर्टचं तोंड टॉर्च लावून बघा. आत धूळ, कापसाचे धागे, वाकलेला संपर्क. साफ करायचं तर लॅपटॉप बंद करून, कोरड्या मऊ ब्रशने. पिन किंवा सुई आत घालू नका.

वेगवान वस्तूच चालत नसेल तर एक सोपी चाचणी आहे. मध्ये जुनी यूएसबी 2 ची एक्स्टेंशन केबल किंवा हब लावा. त्यात नव्या रस्त्याचे पाच संपर्क नसतात, त्यामुळे वस्तूला जुन्या रस्त्यानेच जावं लागतं. तशी ती हळू पण व्यवस्थित चालली, तर नवा रस्ता खराब आहे, हे बऱ्यापैकी नक्की.

झोपलेल्या कंट्रोलरची खूण मजेशीर असते. संगणक सुरू करताना वस्तू लावलेली असेल तर चालते, नंतर लावली तर नाही. वीज वाचवण्यासाठी लिनक्स यूएसबीचा आख्खा कंट्रोलर झोपवू शकतं, आणि काही लॅपटॉपवर नवीन वस्तू आल्यावर तो जागाच होत नाही. अशा वेळी 'एलएसपीसीआय' ही आज्ञा दिली की कधीकधी वस्तू अचानक प्रकट होते! ती आज्ञा कंट्रोलरची चौकशी करते, त्या नादात तो उठतो. हे दिसलं की दोष विजेच्या बचतीत आहे. पॉवरटॉप, टीएलपी यांसारखं साधन बसवलेलं असेल तर त्याची सेटिंग आधी बघा.

वाट दुसरी: ओळी येतात, पण चुकांच्या

'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड, एरर वजा 71', किंवा 'वजा 110'. वजा 110 म्हणजे वाट बघून वेळ संपली. वजा 71 म्हणजे उत्तर आलं, पण नियमात बसणारं नव्हतं. म्हणजे दारात माणूस आहे, पण नाव विचारलं तर गप्प, नाहीतर असंबद्ध बोलतोय. शेवटी 'अनेबल टु एन्युमरेट' असं येऊन कर्नल नाद सोडतो.

इथे संशय आधी केबलवर, मग विजेवर, मग हबवर. हब काढून थेट लावा. हार्ड डिस्क असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब वापरून बघा. हे सगळं करूनही त्याच पोर्टवर सगळ्याच वस्तूंना या चुका येत असतील, तर मात्र पोर्टकडे बोट दाखवायला हरकत नाही.

वाट तिसरी: नाव यादीत आहे, पण ड्रायव्हर नाही

एलएसयूएसबीमध्ये नाव दिसतं, म्हणजे पोर्ट, तारा, वीज, सगळं ठीक आहे. इथून पुढे पोर्टला दोष देणं थांबवायचं. दुरुस्तीच्या दुकानात जायचंही कारण नाही.

सगळ्यांत गमतीचं कारण सांगतो. आर्चसारख्या वितरणांत कर्नलचं अपडेट झालं की जुन्या कर्नलचे ड्रायव्हर डिस्कवरून पुसले जातात. पण संगणक रीस्टार्ट केलेला नाही, त्यामुळे चालू आहे तो जुनाच कर्नल. माऊसचा ड्रायव्हर आधीच मेमरीत आहे, म्हणून माऊस चालतो. पेनड्राइव्ह या बैठकीत पहिल्यांदाच लावला, त्याचा ड्रायव्हर आणायला कर्नल जातो, तर कपाट रिकामं! उपाय काय? रीस्टार्ट. एवढंच.

दुसरं कारण कचेऱ्यांमध्ये आढळतं. सुरक्षेसाठी पेनड्राइव्हचा ड्रायव्हर मुद्दाम बंद केलेला असतो, किंवा यूएसबीगार्ड नावाचा पहारेकरी बसवलेला असतो. मग कीबोर्ड चालतो आणि पेनड्राइव्ह नाही. तो दोष नाही, तो नियम आहे. तिथे कुलूप तोडायला जाऊ नका, सिस्टिम सांभाळणाऱ्या माणसाशी बोला.

वाट चौथी: ड्रायव्हरही आहे, तरी वापरता येत नाही

इथे बहुतेक वेळा पोर्टचा संबंध संपलेला असतो. फोन 'फक्त चार्जिंग'वर आहे. पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलाय आणि जुन्या कर्नलला ती पद्धत येत नाही. किंवा बोर्डासाठी लागणाऱ्या गटात तुमचं नाव नाही. उबुंटूवर या गटाचं नाव 'डायलआउट' आहे. त्यात नाव घातल्यावर एकदा लॉगआउट करून परत यावं लागतं. हे विसरलं की माणूस तासभर डोकं धरून बसतो.

आता त्या बोर्डाची गोष्ट

तिच्या लॅपटॉपवर आम्ही डीमेसगची खिडकी उघडली आणि बोर्ड लावला. ओळी भराभर आल्या. वस्तू सापडली. नंबर मिळाला. ओळख क्रमांक आला. सीएच 341 हा ड्रायव्हर जोडला गेला. 'टीटीवाययूएसबी शून्य' हे नावही मिळालं. म्हणजे पाच पायऱ्या पार! मदरबोर्ड खराब असता तर यातलं काही घडलंच नसतं. आणि लगेच पुढची ओळ: 'बीआरएलटीटीवाय' नावाच्या कुणीतरी ती वस्तू मागितली. त्यापुढची ओळ: सीएच 341 सुटला.

पेशंट बरोबर खोलीत गेला होता. दुसऱ्याच डॉक्टरने त्याला हाताला धरून आपल्या खोलीत नेलं.

हा दुसरा डॉक्टर कोण? बीआरएलटीटीवाय हा ब्रेल डिस्प्ले चालवणारा प्रोग्राम आहे. दृष्टिहीन व्यक्तीला संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर बोटांखाली वाचता यावा म्हणून तो आहे, आणि उबुंटूमध्ये आधीपासून बसवलेला येतो. का? कारण ज्याला पडदा दिसत नाही त्याने डिस्प्ले लावला की तो त्याच क्षणी चालू झाला पाहिजे. सेटिंग शोधायला त्याने पडदा कसा वाचायचा? म्हणून या प्रोग्रामकडे ब्रेल डिस्प्लेंच्या ओळख क्रमांकांची यादी असते. अडचण अशी, की त्यातल्या एका डिस्प्लेमध्ये जी स्वस्त चिप आहे तीच या बोर्डांमध्येही आहे. चिपचा क्रमांक एकच. त्यामुळे त्याला बोर्ड म्हणजे ब्रेल डिस्प्लेच वाटला. उबुंटू 22.04 आल्यावर जगभरात असंख्य जणांचे बोर्ड असेच 'गायब' झाले.

विंडोजवर बोर्ड का चालला, याचाही उलगडा झाला. तिथे हा प्रोग्राम नव्हता.

आम्ही काय केलं? बीआरएलटीटीवायची नियमांची फाइल सिस्टिमच्या फोल्डरमधून 'ईटीसी'खालच्या यूडेव्हच्या नियमांच्या फोल्डरमध्ये त्याच नावाने कॉपी केली, आणि त्या कॉपीत फक्त त्या एका क्रमांकाच्या ओळीपुढे हॅशची खूण टाकली, म्हणजे ती ओळ निष्प्रभ झाली. त्याच नावाची फाइल ईटीसीमध्ये असली की तीच मानली जाते. रीस्टार्ट केलं, बोर्ड लावला, नाव यादीत आलं आणि टिकलं. ती मुलगी काही बोलली नाही. आधी वडिलांना फोन लावला.

मदरबोर्डपर्यंत जायचं ते कधी?

कधीकधी पोर्ट खरंच गेलेला असतो, हेही सांगायला हवं. ते ठरवायची एक चांगली चाचणी: दुसऱ्या चांगल्या पोर्टमध्ये पेनड्राइव्ह लावून त्यावरून एखादं वेगळं लिनक्स सुरू करा, काही इन्स्टॉल न करता. वेगळा कर्नल, वेगळी सेटिंग, आणि तरी त्याच पोर्टवर तीच चूक? आणि लिनक्स सुरू होण्याआधीच्या बायोसच्या पडद्यावरही त्या पोर्टमधला कीबोर्ड चालत नाही? मग दोष हार्डवेअरचा आहे. तरीही दुकानात एक प्रश्न विचारा. काही लॅपटॉपमध्ये एका बाजूचे पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डवर असतात, आणि तो पट्टीसारख्या केबलने मदरबोर्डला जोडलेला असतो. तेवढाच बदलता आला तर खर्च बराच वाचतो.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: माझा माऊस चालतो, पण थोडा वेळ हात काढला की झोपतो. क्लिक केल्यावरच उठतो. हे याच प्रकारातलं का?

उत्तर: हो, पण सौम्य. ही वस्तू झोपवण्याची सोय आहे. पॉवरटॉपमध्ये सगळ्या सेटिंग एकदम 'चांगल्या' करण्याचा पर्याय आहे. तो वापरला की माऊसही झोपवला जातो. त्या यादीत फक्त माऊसपुरती सेटिंग परत फिरवा. सगळ्या यूएसबीची बचत बंद करू नका, बॅटरी उगाच खर्च होते.

प्रश्न: नेटवर सगळे सांगतात की बीआरएलटीटीवाय काढूनच टाका. एका आज्ञेचं काम आहे. तुम्ही एवढा वळसा का घेतला?

उत्तर: तुमच्या एकट्याच्या लॅपटॉपवर काढलंत तर काही बिघडत नाही. पण हाच सल्ला कॉलेजच्या लॅबमध्ये चाळीस संगणकांवर चालवला, आणि पुढच्या वर्षी ब्रेल डिस्प्ले वापरणारा विद्यार्थी आला, तर? त्याने डिस्प्ले लावला आणि काहीच झालं नाही. त्याचाही पोर्ट 'काही वस्तू घेत नाही' असाच होईल, आणि का ते कुणालाच आठवणार नाही. एक ओळ बंद केली तर बाकी सगळे डिस्प्ले आधीसारखे चालतात. त्या एका क्रमांकाचा डिस्प्ले असेल तर तेवढा हाताने जोडून द्यावा लागेल. म्हणून सांगतो, दोष जेवढा आहे तेवढाच कापा.

शेवटी एक घरचा अभ्यास. आज घरी गेल्यावर, सगळं नीट चालू असताना, 'एलएसयूएसबी डॅश टी' ही आज्ञा द्या आणि जे दिसेल ते एका फाइलमध्ये साठवून ठेवा. कुठल्या पोर्टवर काय लावलं होतं तेही लिहा. डॉक्टर जसे आधीचे रिपोर्ट मागतात, तसा हा तुमच्या लॅपटॉपचा निरोगी असतानाचा रिपोर्ट. पुढे कधी पोर्ट रुसला तर आधी हा काढून शेजारी ठेवायचा, आणि मगच कुणाच्या तरी सांगण्यावरून खिशात हात घालायचा.